खडूची तारीख आणि लोखंडाचं लोणचं

भिलाईचे किस्से आमच्याकडे कसे साचले म्हणता? शॉपमागच्या भंगारावानी! कोणी फेकत नाही, कोणी मोजत नाही, अन् एक तुकडा ओढला की पाच अंगावर येतात. रशियाच्या मदतीनं पोलादाचा प्लांट उभा होऊन राहिला होता, तेव्हाचे आहेत हे.

मी एका ठेकेदाराच्या फॅब्रिकेशन शॉपात, म्हणजे लोखंड कापून-जोडायच्या कारखान्यात, पेंटर होतो. फोरमन रामटेके मिस्त्री, भंडाऱ्याकडचे. त्यायचा एकच नियम. जो माल द्यायचा, त्याच्यावर पोचवायची तारीख खडूनं लिहायची. अन् माल पोचला की घेणाऱ्यानं ती स्वतःच्या हातानं पुसायची!

*

तेवढ्यात बाजूले दुसरं शॉप उघडलं. दर आमच्याहून कमी, अन् तोंडात सदा "लगेच देतो"! आमचे मिस्त्री मात्र बोटांवर मोजत अन् म्हणत, "बारा दिवस."

साइटचे इंजिनिअर जोशी साहेब, पुण्याचे. ते चिडले. "अहो, ते लोक चार दिवसांत देतो म्हणतात!"

"म्हणू द्या ना साहेब. म्हणायले वेल्डिंग लागत नाही."

साहेबांनी निम्मं काम तिकडे दिलंच. वर बजावलं, "एक जरी तारीख चुकली, तर उरलेलंही तिकडे." काम गेलं म्हणजे शॉप बंद, अन् आमी सगळे परत गावाले.

*

माझी फजिती ऐका, ही त्या धमकीच्या आधीची. एकदा जोशात मी लाल रंग मारला, तो थेट तारखेवरच! बारा होती का अठरा, कोणालेच आठवेना. साहेबाले विचारायची लाज.

मिस्त्री म्हणाले, "बाराच धर." जीव काढून बाराले माल पोचवला, तर साहेब लालेलाल! "अठरा ठरली होती! पाया अजून ओला आहे. हे ठेवू कुठे, डोक्यावर?"

परत येताना मिस्त्री म्हणाले, "लवकर नेणं बी चूकच आहे रे बाबू."

*

एक रशियन इंजिनिअर दुभाष्या घेऊन आले. तयार मालातली भोकं दोन इंच सरकवा म्हणे!

"सरकवतो," मिस्त्री म्हणाले, "पण पहिले तारीख पुसा."

दुभाष्या घाबरत घाबरत बोलला. रशियन खदखदून हसले, तारीख पुसली, अन् खडू मागून तीन दिवस पुढची स्वतः लिहिली. मिस्त्रीनं त्यायले चहा पाजला.

*

मिस्त्रीची आणखी एक खोड. दहा मागितले की अकरा बनवायचे. जादाचा कोपऱ्यात. तिथं रांगच लागली होती.

साहेबाले ते पाहवेना. "रामटेके, लोखंड महाग आहे हो! लोणचं घालता का त्याचं?"

"हो साहेब. ऐन वेळी भाजी नसली की कामी येतं."

*

अन् मग ते ब्रॅकेट! खांबाले लावायचे, ज्याच्यावर क्रेनचे रूळ टेकणार होते. याच मापाचे आमी आधीही किती तरी बनवले होते; या खेपेले दहा आमचे, दहा दुसऱ्या शॉपचे. मापही एकच, तारीखही एकच.

आदल्या दुपारी मिस्त्री हातोडी वाजवून पाहत होते. एकाचा आवाज बद्द आला. वेल्डिंगले चीर!

मी म्हणालो, "रंगाचे दोन हात मारतो. कोणाले दिसत नाही."

मिस्त्री असे कधी कडाडले नव्हते. "अन् उद्या त्याच्याखाली कोण उभं राहणार? आपलाच माणूस ना?" चिरलेला त्यायनं बाहेर फेकला, अन् कोपऱ्यातला जादाचा काढून त्याच्यावर तारीख लिहिली.

सकाळी साइटवर आमचे दहाच्या दहा हजर! माल उचलायची क्रेन उभी, तो वर चढवणारे खलाशी मजूर उभे, अन् दुसऱ्या शॉपचा पत्ताच नाही. साहेबांनी एकेक ब्रॅकेट ठोकून पाहिला. दहाही टणटणीत!

मिस्त्रीनं फडकं पुढे केलं. "पुसा साहेब."

साहेबांनी फडकं घेतलं नाही. खिशातला पांढरा रुमाल काढला, अन् एकेक करत दहाही तारखा पुसल्या. आमची छाती अशी फुगली का सांगू! शॉप वाचलं होतं.

मग दुसऱ्या शॉपच्या दहा ब्रॅकेटची वाट पाहत साहेब रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिले. मिस्त्रीले जरा बाजूले घेतलं, अन् हळूच विचारलं, "रामटेके, बरणीत लोणचं अजून किती उरलं आहे हो?"