ऐकण्याचा शॉट

टीव्हीची बातमी कशी करायची हे मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याबद्दल मला काडीचा आदर नाही. शिकणारीबद्दल तर त्याहून नाही.

आमचे सर कुठल्याशा वाहिनीवर थोडे दिवस हवामान सांगून कुवेतमध्ये प्राध्यापक झाले होते. त्या हवामानाच्या जोरावर ते आम्हाला सत्य कसं शोधायचं ते शिकवत. सत्याच्या आधी केस नीट हवेत, हा त्यांचा पहिला धडा. आम्ही मुलंही त्यांना शोभणारीच होतो. सगळी इथेच वाढलेली, आईने घरच्या भाषेत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. मला मराठी धड बोलता येते, याचाच मी वर्गात तोरा मिरवायची.

मुलाखतीला कॉलेजचा एकच कॅमेरा मिळे. त्यामुळे आधी समोरच्या माणसाचं बोलणं टिपायचं आणि मग कॅमेरा उलटा फिरवून बातमीदाराचे ‘ऐकण्याचे शॉट’ घ्यायचे. म्हणजे आपण नुसती मान हलवायची. ते तुकडे नंतर आवाज काढून त्याच्या उत्तरांच्या मध्ये चिकटवायचे, की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी किती मन लावून ऐकतेय. सरांनी एक अख्खा तास आमच्याकडून माना हलवून घेतल्या. गंभीर मान, समजूतदार मान, कळवळ्याची मान. त्या वर्गात नंदीबैल आणून उभा केला असता तर पहिला आला असता. तो नव्हता म्हणून मी आले.

माझी बातमी कुवेतच्या हवल्ली भागातल्या शिंप्यांवर होती. रमजानच्या आधीच ईदचे दिशदाशे, म्हणजे अरबांचे ते लांब पांढरे झगे, शिवायला टाकायची झुंबड उडते. त्यातल्या एका दुकानाच्या मालकाकडे बाबा अकाउंटंट आहेत. बाबांनी एक फोन केला आणि शूटिंगची परवानगी मिळाली. तिथले सर्वांत जुने कारागीर रत्नागिरीकडचे होते. मी त्यांना चाचा म्हणायला लागले, कारण तसं म्हटलं की लोक कॅमेऱ्यासमोर मोकळे होतात, असं सरांनी सांगितलं होतं.

हाताने शिवण्यात काय आनंद मिळतो, असला बिनडोक प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी गळ्यातली टेप सारखी करून मला हवं तसं उत्तर दिलं. मग कॅमेरा माझ्याकडे फिरला. मी त्यांना म्हटलं, आता काहीही बोला, आवाज आपण वापरत नाही. ते बोलू लागले. कॅमेऱ्यामागचा माझा मल्याळी वर्गमित्र, भुवया जरा वर घे, अशा खुणा करत होता. माझी गंभीर मान झाली, समजूतदार झाली, मग मी कळवळ्याची सुरू केली. चाचांनी शेवटी काहीतरी विचारलं असावं, कारण मी ओघातच म्हणाले, “हो चाचा, नक्की.” त्यांनी छातीला हात लावला. किती सुंदर हावभाव, आणि कॅमेरा नेमका माझ्यावर, याची मला हळहळ वाटली.

वर्गात सरांनी माझी बातमी माझ्याच चेहऱ्यावर थांबवली आणि सगळ्यांना बजावलं की ऐकणं म्हणजे काय ते हिच्याकडून शिका. मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

रमजान निम्मा सरला तेव्हा कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून परत द्यायचं होतं. त्याआधी स्वतःचे ते शॉट जपून ठेवावेत, एवढी मी स्वतःवर खूश. हेडफोन लावले. चाचांच्या कॉलरचा माइक मी काढायलाच विसरले होते.

“बेटा, इथं मराठी कुणाला कळत नाय म्हणून बोलतो. शाबानच्या शेवटच्या जुम्म्याला माझ्या मुलीचा निकाह हाय. मालक सोडत नाय, ईदचं काम हाय म्हणतो. चार दिवस मिळाले तरी बस. तो तुझ्या पप्पांचं ऐकतो. पप्पांना एक शब्द टाकायला सांगशील ना?”

त्यावर माझा आवाज, छान तयारीचा: “हो चाचा, नक्की.”

शाबान, म्हणजे रमजानच्या आधीचा महिना, संपून दोन आठवडे झाले होते. घरी बाबांबरोबर मी रोज जेवत होते. माझी स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गेले. खरं सांगून माफी मागायची, असं ठरवून गेले होते. चाचा मशीनवर होते. त्यांनी फोन काढून मुलीचा फोटो दाखवला. निकाह त्यांनी इथूनच पाहिला होता, फोन मशीनला टेकवून, मध्ये मध्ये काम करत. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तेच बोलले.

“तुझ्या पप्पांनी सांगून पण मालक मानला नाय, त्याला ते तरी काय करणार? वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. परक्यासाठी एवढं कोण करतं? त्यांना माझा सलाम सांग.”

“सांगते,” मी म्हणाले. बाबांना यातलं अजून काहीही माहीत नाही.