गिरधरची पाठ

फाट्यावर एसटी थांबत नाही, नुसती हळू होते. ज्याला उतरायचं त्यानं उतरून घ्यावं, ज्याला चढायचं त्यानं पळत दांडी धरावी. त्यामुळे चालत्या गाडीतून उडी मारणं ही यावलच्या बाजूच्या त्या गावात कला नव्हतीच, रोजची गरज होती. पण गिरधर हातात ताकाची किटली घेऊन उतरायचा आणि किटलीचं झाकणसुद्धा हलायचं नाही. बघणारे म्हणायचे, पोरगं नाव काढेल.

नाव त्यानं काढलं, फक्त ते कुणाला कळलं नाही.

केळीच्या ट्रकवर बसून तो मुंबईला गेला आणि हिंडत हिंडत एका फाइट मास्टरपुढं उभा राहिला. मास्टरनं विचारलं, "गिरना आता है?" गिरधर तिथल्या तिथे जिन्यावरून खाली आला. मास्टरनं त्याला ठेवून घेतलं आणि गुरुमंत्र दिला, "चेहरा दिखा, तो शॉट गया." हिरोच्या वतीनं पडायचं, जळायचं, काचेतून आरपार जायचं, पण तोंड कॅमेऱ्याला दाखवायचं नाही. एकदा तो हिरोइनची साडी नेसून घोड्यावरून पडला. तोंड दिसणार नव्हतंच, म्हणून मिशी काढायचीही गरज पडली नाही. रणात पाठ दाखवणाऱ्याला लोक भेकड म्हणतात; गिरधरचा संसार पाठ दाखवण्यावरच उभा राहिला.

गावाला हे पटवणं मात्र मास्टरला पटवण्याहून अवघड होतं. फाट्यावर चहाची टपरी चालवणारा अभिमन आबा स्वतः कधी जळगावच्या पुढे गेला नाही, पण जगातलं खरंखोटं त्याच्याच टपरीवर ठरायचं. गिरधर सुट्टीला आला की आबा विचारायचा, "काय रे, त्या पिक्चरमधी तू कुठे व्हता?"

"तो काचेतून जातो ना आबा, तो मी."

"त्याची त पाठ दिसते. पाठ काय, कोणाची बी राहते."

हळूहळू गावानं ठरवून टाकलं की गिरधर मुंबईला कुठंतरी वॉचमन आहे. गिरधरनं ते हसून सोडून दिलं असतं, पण त्याची बायको पुष्पाबाई पाण्याला गेली की बायका विचारायच्या, "काय वं, हिरोइनबाई, मालक कोणत्या पिक्चरमधी हायेत सध्या?" आणि पुष्पाबाई अर्धाच हंडा उचलून घरी यायची. ते त्याला फार लागायचं. पडून पडून अंग दगडाचं झालं होतं, तरी तेवढी एक जागा कच्चीच राहिली होती.

आणि मग तो पिक्चर आला. मारामारीचा, विनोदी, आणि विषय काय, तर स्टंटवाल्यांचं कौतुक! हिरो स्टंटवाला झालेला. आता हिरोला पडता येत नाही, हे जगजाहीर. म्हणून स्टंटवाल्याचं काम करणाऱ्या हिरोचं काम करायला गिरधरला बोलावलं. कौतुक हिरोचं, हाडं गिरधरची. पुढे मुलाखतीत हिरोनं सांगितलंच की सगळं मी स्वतः केलं.

डायरेक्टर मात्र तरणा आणि भला होता. शेवटचा शॉट त्यानं खऱ्या स्टंटवाल्यासाठी ठेवला. गिरधरनं दुसऱ्या मजल्यावरून पडायचं, लग्नाचा मांडव फाडायचा, जिलब्यांच्या टेबलावर आदळायचं, उठायचं, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. पडद्यावर मोठं तोंड, खाली नाव. गिरधरनं त्याच रात्री घरी फोन केला. पुष्पाबाईनं दुसऱ्या दिवशी हंडा मुद्दाम दोनदा भरला.

शॉटच्या दिवशी गिरधर देखणा पडला. मांडव फाटला, टेबल मोडलं, जिलब्या उडाल्या. तो उठला, धूळ झटकली, समोर पाहिलं. कॅमेरा थेट तोंडावर येत होता. आणि जन्मभराच्या सवयीनं त्याची मान आपोआप वळली. तो पाठ करून, जरासा लंगडत, निघून गेला.

भानावर आल्यावर त्यानं डायरेक्टरचे हात धरले, "सर, एक बार और." डायरेक्टरचे डोळे भरले होते. "गिरधरभाई, ये तो लाखों में एक है! जो दुनिया को कभी नहीं दिखा, वो आख़िर में भी नहीं दिखता!" चूक ती चूक, पण शहाण्या माणसाच्या नजरेस पडली की तिचा अर्थ होतो. पेपरवाल्यांनीही त्या शॉटचंच कौतुक केलं.

घरी सांगायचं धाडस गिरधरला झालं नाही. पिक्चर लागला तेव्हा तो गावीच होता. पोट दुखतंय म्हणाला, पुष्पाबाईनं ओवा दिला. भुसावळला गर्दी फार, म्हणाला, तिनं केळीचा पिकअप ठरवला. सगळा गाव त्यात बसला. अभिमन आबा तर टपरी बंद करून पुढच्या सीटवर.

थिएटरात लोक पोट धरून हसले. गिरधर मात्र प्रत्येक उडीबरोबर शेवटाजवळ येत होता. अखेर दुसरा मजला आला. मांडव फाटला, टेबल मोडलं. पडद्यावरचा माणूस उठला.

"आता येईन तोंड!" आबा ओरडला. सगळ्या रांगेनं माना लांब केल्या.

तोंड आलं नाही. पाठ आली आणि निघून गेली. खाली नाव आलं, ते वाचायच्या आत लाइट लागले.

"पुष्पाबाई," आबा मागं वळून म्हणाला, "ही बी पाठच निंघाली. पाठ काय, कोणाची बी राहते."

गिरधरनं मान खाली घातली. पुष्पाबाई शांतपणे म्हणाली, "आबा, लगीन झाल्यापासून मी ह्या माणसाले फाट्यावरून जातानाच पाहेलं हाये. तोंड सुट्टीपुरतं दिसते, पाठ वर्षभर डोयासमोर राहते. मले ती पाठ पाठ हाये." मग गिरधरकडे वळून हळूच विचारलं, "हा डावा खांदा खाली गेला, तो कधी? मले त सांगलं नही तुम्ही."

"मोडला व्हता. बसला आता," गिरधर म्हणाला. एवढ्या वर्षांत खाली गादी नसताना तो असा कधी पडला नव्हता, जसा तिच्या त्या प्रश्नानं पडला.

सुट्टी संपली. पुष्पाबाई नेहमीसारखी फाट्यापर्यंत आली. एसटी आली, हळू झाली. गिरधर पळाला, पण या वेळी त्यानं ठरवलं होतं. तो उलटा पळाला, तोंड तिच्याकडे करून, जिलब्यांच्या टेबलापाशी राहून गेलेलं हसू हसत. मागं हात टाकून दांडी धरायला गेला, ती सुटली, आणि तो सगळ्या गावादेखत सपशेल आपटला. कोपरं फुटली, पिशवीतल्या डब्यातलं मेथीचं वरण रस्त्यावर सांडलं.

आणि त्या फाट्यावर एसटी पहिल्यांदाच थांबली.

टपरीतून अभिमन आबा बाहेर आला. "घ्या! आन् हा म्हने मुंबईले पडाचे पैसे घेतो. याले त धड पडता बी येत नही!"

गाव खदाखदा हसलं. कंडक्टर घंटी मारत राहिला. गिरधर धुळीत बसून तसाच पुष्पाबाईकडे बघत होता, आणि ती पदर तोंडाला लावून त्याच्याकडे.