सूर्याकडून येणारा वारा

सन १९६४. मी एकतीस वर्षांचा, शिकलेलो दुसरीपर्यंत. कोरीटला आमच्या खळ्यात ज्वारी उफणायची होती आणि दोन दिवस वारा पडलेला. तेवढ्यात मास्तर पेपर घेऊन आले नि म्हणाले, एक यान पृथ्वीभोवती फिरत सूर्याकडून येणारा वारा मोजतंय.

माणसं माझ्याकडं बघू लागली, कारण वाऱ्याचं मला विचारूनच गावात उफणणी व्हायची. मी म्हटलं, "मास्तर, सूर्यवरथीन वारा येस, तर मन्ही ज्वारी उफणी दखाडा!"

सगळे हसले. मास्तर पुढं सांगू लागले, पण मी ऐकून घेतलं नाही. तिथंच उभ्या असलेल्या, तिसरीतल्या माझ्या मुलीला असलं खोटं शिकवणाऱ्या शाळेत उद्यापासून धाडणार नाही, असं सगळ्यांदेखत बोलून बसलो.

पोर रडली नाही, जेवलीही नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "बाबा, तो वारा आंगले लागत नही, यंत्रलेच समजस. मास्तर तेच सांगत व्हतात. तुमी आयकंच नही."

चूक माझी, नि शिक्षा मी पोरीला दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन शाळेत गेलो. माफी मागितली नाही. दारात उभा राहून म्हटलं, "मास्तर, काल अर्धंच राहिनं. आते पुरं सांगा."