न मोजलेला महिना

माझी माय झेंडूची शेती करते आणि मी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवते. त्यामुळे आमच्यात आकड्यांवरून वाद झाला तर जिंकायचा हक्क माझाच, असं मी कायम धरून चालत आले होते. पहिल्या बाळंतपणासाठी आठव्या महिन्यात अकोल्याजवळच्या आमच्या गावी आले आणि पहिल्याच संध्याकाळी हा हक्क मोडीत निघाला.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीवरून दिलेली तारीख ऐन दिवाळीतली होती. मायनं ती ऐकून घेतली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि बोटांच्या पेरांवर मराठी महिने मोजायला बसली. माघापासून सुरुवात करून आषाढापर्यंत नीट आली. त्या वर्षी श्रावण दोन होते. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात लग्नकार्य नाही, नवं काम नाही, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे तेवढे. मायनं तो अख्खा महिना डबकं ओलांडावं तसा ओलांडला आणि थेट कार्तिकाच्या अखेरीला जाऊन थांबली. दिवाळी आटोपल्यावर होईन, आरामशीर, असा तिनं निकाल दिला.

पोटातल्या बाळाला पंचांग वाचता येत नाही, हे मी तिला तीन प्रकारे समजावून सांगितलं. वर्गात याहून ढ मुलांना मी अपूर्णांक शिकवले आहेत. माय शांतपणे कॅलेंडर परत खिळ्याला अडकवत म्हणाली, "धोंड्याचा महिना लेकरू मोजत नसते."

मला राग आला, पण रागाच्या खाली भीती होती. घरामागे दीड एकर झेंडू दिवाळीच्या बाजारासाठी लावलेला होता. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत माय ताटावर बसून जेवत नाही, वाफ्यातच भाकरी खाते. कुठल्या ओळीतलं फूल आज तोडायचं आणि कुठलं उद्यावर ठेवायचं, हे तिच्याशिवाय कुणालाच कळत नाही. बाबा नुसते क्रेट भरायचे आणि भाऊ ते पिकअपमधून अकोल्याच्या बाजारात पोचवायचा. म्हणजे डॉक्टरीणबाईंची तारीख खरी ठरली तर मी कळा देत असणार आणि माय फुलांत असणार. मला माय हवी होती. पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, पण त्या एका खोलीत मायचा हात धरल्याशिवाय माझ्यानं काही होणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं.

आणि माझं शरीर तर माझ्या ऐकण्यातच नव्हतं. मायनं जुनी चप्पल फेकली म्हणून मी ढसाढसा रडले. त्या चपलेनं आपली किती सेवा केली, असं काहीतरी बरळत होते म्हणे. भावानं ताट जरा जोरात ठेवलं की माझा तिळपापड व्हायचा. एका दुपारी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून घासले, पुसले आणि प्रत्येकावर कागद चिकटवून नावं लिहिली. मायला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, तेव्हा पुढचे आठ दिवस ती प्रत्येक डबा उघडून, हुंगून बंद करत होती. नवरा रोज संध्याकाळी अमरावतीहून फोन करायचा. माझी तक्रार अर्धी झाली की फोनमध्ये कुठेतरी वाचलेलं सांगायचा, हार्मोन्स असतील. आठवडाभर ऐकून घेतलं, मग सांगितलं की पुन्हा हा शब्द काढलास तर बाळाचं नाव तेच ठेवीन.

पण सगळ्यात मोठी पंचाईत नाकाची झाली. ज्या वासात मी लहानाची मोठी झाले, तो झेंडूचा वास आता मला सहन होईना. वारा मागच्या बाजूनं आला की पोटात ढवळायचं. मग मी ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरून घरात फिरायची. फुलकरणीच्या लेकीला फुलांची ओकारी येते, म्हणून वाफ्यात कामाला येणाऱ्या बायाही हसायच्या आणि मीही हसायची.

तपासणीला गेले की डॉक्टरीणबाई धीर द्यायच्या. माझं चालणं बदकासारखं झालं होतं, कंबर दोन्ही बाजूंनी सुटल्यासारखी वाटायची. त्या म्हणाल्या, शरीर आतून सांधे सैल करून ठेवतंय, बाळाला यायला जागा हवी ना. रडणं, चिडणं, वासाचा त्रास, सगळं त्याच तयारीतलं आहे. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा स्वतःविषयी जरा आदर वाटला. मी झोपलेली असतानासुद्धा आत कुणीतरी न चुकता कामाला लागलेलं होतं. एका सकाळी अंगातल्या मॅक्सीवर छातीपाशी पिवळसर डाग दिसले. मी घाबरले. मायनं नुसतं पाहिलं, मॅक्सी मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं धुऊन वाळत घातली. हे चिकाचं दूध आहे, घाबरायचं नसते, एवढंच म्हणाली.

बाहेरून मात्र तयारीचं नाव नव्हतं. आमच्याकडे बाळ होण्याआधी त्याच्यासाठी नवं काही आणत नाहीत. बाळाचे कपडे घरातल्या जुन्या, मऊ कापडाचे शिवायचे, आणि ते काम मायचं. तिला विचारलं की म्हणायची, बख्खळ वेळ हाय. मी अकोल्याला न्यायची बॅग भरली. त्यात फाईल होती, माझे कपडे होते, खजूर होते. बाळाचं काही नव्हतं. एकदा मागच्या पडवीत बाळंतिणीची बाज नव्या दोरीनं ताणलेली दिसली. माय म्हणाली, दिवाळीला पाहुणे येतात, बसाले लागते.

दसऱ्याच्या आसपास एका दुपारी कळा सुरू झाल्या. भावानं पिकअप काढली, माय सोबत आली. अकोल्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत कळा गायब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या सरावाच्या कळा, खऱ्या आल्या की थांबणार नाहीत. परतताना माय खुशीत होती. अजून दीड महिना हाय, सांगितलं होतं ना, असं ती रस्ताभर दोनदा म्हणाली. घरी उतरल्यावर माझा संयम सुटला. मी म्हणाले, "तुले झेंडू सोडवत नाही, म्हणून तू महिना चोरून राहिली."

शाळेत राहून माझी बोली बरीच धुवून निघाली आहे, पण भांडताना ती पूर्ण परत येते. माय डोक्याला फडकं बांधून वाफ्याकडे निघून गेली. त्या दिवशी मी पुष्कळ रडले, आणि त्यात हार्मोन्सचा काही संबंध नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या सकाळी उठले तेव्हा कंबरेतून कळ आली. पाणी प्यायले, चालून पाहिलं, कुशीवर पडून पाहिलं. थांबली नाही. पुन्हा आली, आणखी लवकर आली. मागे तोडणी जोरात चालली होती. बायांच्या ओळी लागल्या होत्या, पिकअप निम्मी भरली होती. मी ओव्याची पुरचुंडी नाकाला लावून वाफ्याच्या कडेपर्यंत गेले. मायला हाक मारायचं धाडस होईना. हीही सरावाची म्हणाली तर काय, याचीच भीती वाटत होती.

तिनं मान वर केली, माझी चार पावलं पाहिली. पोटाला हात लावला नाही, काही विचारलं नाही. ओटीतली फुलं जवळच्या बाईच्या ओटीत ओतली आणि बाबांना म्हणाली, "फुलं तुमी पाहा. मी जातो लेकीसंगं."

बाबा बघतच राहिले. क्रेट उतरवायला वेळ नव्हता. पुढच्या सीटवर भाऊ, मी आणि माय, मांडीवर माझी बॅग, सीटमागून मायनं ओढून घेतलेलं एक बोचकं, आणि मागे झेंडू. गाडीभर तो वास. पण नाक दाबायला मला सवडच नव्हती. मायचा हात धरायचा होता. तिची बोटं झेंडूच्या चिकानं हिरवी-पिवळी झाली होती आणि मी ती इतकी आवळली की दुसऱ्या दिवशी ती सुजली होती.

दुपार टळता टळता मुलगी झाली. माय शेवटपर्यंत उशाशी उभी होती. डॉक्टरीणबाईंनी बाळ पूर्ण दिवसांचं आणि ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग नर्सनं बाळासाठी कापड मागितलं. बॅगेत खजूर होते, बाळाचं काही नव्हतं.

मायनं बोचकं सोडलं. त्यात तिच्या जुन्या लुगड्याच्या लंगोट्या, दोन टोपडी, बाबांच्या धोतराची झबली आणि बोटभर जाडीची इवलीशी गोधडी निघाली. सगळं धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, घडी घातलेलं. इतके बारीक टाके दोन-चार दिवसांत होत नाहीत. मी विचारलं, हे कधी शिवलंस? ती बाळाला गुंडाळत म्हणाली, दुपारची तू झोपायची तवा. दसऱ्याच्या आधी झालं होतं.

दसऱ्याच्या आधी. मी त्या अवस्थेतही गणित करून पाहिलं. उत्तर एकच येत होतं, पण तेव्हा विचारायची ताकद नव्हती. संध्याकाळी नवरा अमरावतीहून आला, लेकीला घेऊन रडला. हार्मोन्स असतील, असं मात्र मी त्याला म्हणाले नाही.

पाचव्या दिवशी घरी आलो. आमच्या घराला झेंडूचं धड तोरण मी कधी पाहिलं नव्हतं. चांगली फुलं बाजारात जातात, दाराला उरलीसुरली लागतात. त्या दिवशी दाराला, खिडक्यांना, गोठ्याला, न्हाणीलासुद्धा मनगटाएवढ्या जाड माळा होत्या. मायशिवाय तोडणी लांबली, शेवटच्या क्रेटांना बाजार मिळाला नाही, असं भावानं सांगितलं. मी बाजेवर टेकले. दोरी ताठ होती, खाली शेगडी लावलेली होती. माय उशाशी बसून लेकीच्या टाळूला तेल लावत होती. मी अजून विचारलं नव्हतं. तीच माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मोजला होता म्या तो महिना. पहिल्याच दिवशी मोजला. पण तवर रोपं लावून झाली होती."

माझ्याकडे या वाक्याला द्यायला दोन महिन्यांपासून जमवलेली उत्तरं होती. त्यातलं एकही दिलं नाही. खिडकीतून वारा आला आणि झेंडूचा वास खोलीभर पसरला. पुरचुंडीसाठी हात उशीखाली गेला, पण पोटात काहीच ढवळलं नाही. मी खोल श्वास घेतला आणि मायची सुजलेली बोटं हातात धरली.