फक्कीच्या भिंती

केवळाबाईंचं कोपर मोडलंय, डोक्याला टाके आहेत, तरी त्या उद्या पुन्हा मैदानात जाऊन बसणार. भागवत सुटला तर तोही तिथंच येईल. घर झोपलंय, पण माझ्या डोक्यातून हे जात नाही.

केवळाबाई नांदेडच्या बंद गिरणीत कांडी खात्यात होत्या. गिरणी बंद पडली, नवरा गेला, तरी त्या आमच्या गॅलरीसमोरच्या कामगार वस्तीतच राहिल्या. बाई भांडखोर. नळावर कुणी मध्ये घागर घुसवली, तर ती नालीत जायची.

गेल्या वर्षी कळलं, गिरणीच्या जागेवर एक बिल्डर टॉवर उठवणार. वस्तीनं ठरवलं, आराखडा आपणच करायचा: परवडतील अशी लहान घरं, जुन्या शेडमध्ये धंद्याचे गाळे. कागदावरच्या रेघांवरून रोज भांडणं. शेवटी केवळाबाईंनी आपली बाज आमच्या गॅलरीखालच्या, गिरणीच्या मैदानात आणून टाकली. बाजेभोवती माणूस फिरलं पाहिजे, चूल मावली पाहिजे, तेवढ्या जागेभोवती चुन्याची फक्की मारा म्हणाल्या. मग ज्यानं त्यानं आपापली बाज आणली. पांढऱ्या रेघांत सगळी वस्ती मांडून झाली. हौसेनं प्रत्येकानं आपल्या चौकोनात नाव लिहिलं. तिथंच चुकलं.

रविवारी सगळे आपापल्या चौकोनात असताना बिल्डरची माणसं गज घेऊन आली, तेव्हा त्यांना कुणाचं घर विचारावं लागलं नाही. नावं वाचत गेली आणि ज्याला त्याला त्याच्याच चौकोनात तुडवलं. शिवप्पाचे दात त्याच्या फक्कीच्या उंबऱ्यावर पडले. लोक पळाले. केवळाबाई बाजेवरून हलल्या नाहीत. समोर भागवत होता, याच वस्तीत वाढलेला, आता बिल्डरच्या पगारावर.

"भिंतीतून काय घुसतूस, भागवत्या? दार तिकडं हाय."

मागची पोरं हसली. त्या हसण्यावरच त्यानं गज उचलला. कोपर मोडल्याचा आवाज मला गॅलरीत ऐकू आला. त्या पडल्या, तरी तो मारत राहिला. जाताना वर बघून म्हणाला, "ताई, सृष्टी विष्णुपुरीची बस कुठून धरते, ठाव हाय मला."

सृष्टी माझी मुलगी, तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. वस्तीत फक्की मारायला तीही असायची, त्या दिवशी तेवढी नव्हती.

केवळाबाईंनी पोलिसांना भागवतचं नाव सांगितलं, त्यांनी त्याला धरून नेलं. बाकी कुणीच काही पाहिलेलं नाही. जमादार आमच्याकडेही आले होते. मी स्वयंपाकघरात होते, असं मी त्यांना सांगितलं. दुसरा साक्षीदार मिळाला नाही तर सकाळी त्याला सोडावं लागेल, असं सांगून ते नंबर ठेवून गेले.

आज सृष्टीला घेऊन दवाखान्यात डबा दिला. केवळाबाईंनी साक्षीचा विषयच काढला नाही. म्हणाल्या, "उद्या नावं परत लिव्हायची हायेत. डाव्या हातानं जमतंय का बघते."

"मी लिहिते, आजी," सृष्टी म्हणाली.

मी तिला अडवलं तर ती चोरून जाईल. माझी लेक मी ओळखते. म्हणजे उद्या त्या चौकोनात दोघी असतील, आणि भागवतला नावं वाचता येतात.

जमादारांचा नंबर फ्रीजवर लावलाय. उजाडायची वाट पाहिली तर तो सुटलेला असेल. आत्ताच फोन लावते. मी गॅलरीत होते, एवढंच सांगायचंय.