हिवरखेड ते अमरावती, मांडीवर चिखलाचा डबा

सोमवार, १२ जानेवारी, पहाटे सव्वापाच. मी जुन्या स्वेटरची बाही कापून चिखलाच्या डब्याला चढवत होतो. गारठ्यात जिवाणू मंदावतात, आणि बाहेर बोटं आखडत होती.

चिखल आमच्या हिवरखेडच्या नाल्यातला. त्यातले जिवाणू कुजकं खातात आणि थोडीशी वीज सोडतात. तळाशी पुरलेलं कार्बनचं कापड ती वीज घेतं. वरच्या दुसऱ्या कापडाला मात्र हवा लागते. वीज पुरेशी साठली की डब्याला जोडलेला छोटा लाल दिवा लुकलुकतो.

मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, आयटीआय अर्धवट सुटलेलं. अमरावतीच्या एका कॉलेजातल्या मॅडम याच जिवाणूंवर काम करतात. गावाचं सांडपाणी असो की अंतराळात राहणाऱ्या माणसांचं, त्यातून वीज कशी काढायची, हा त्यांचा विषय. प्रयोगशाळेत त्यांना मदतनीस हवा होता. मी घरी बनवलेल्या डब्याचं फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "दिवा चालू स्थितीत आणा, मग बोलू."

अकोटपर्यंत जीप, पुढे परतवाड्याची एसटी. जाणाऱ्यांनी मागच्या सीटवर बसू नये, अंजनगावच्या अलीकडे खड्ड्यांत माणूस उडतो. मी पुढे बसलो. चिखल ढवळला तर तळाशी हवा शिरते, आणि तिथे ती चालत नाही.

"काय आहे बे डब्यात?" कंडक्टरने विचारलं.

"चिखल."

"अमरावतीले चिखल भेटत नाही काय?"

बस हसली. शेजारी जरीचं पातळ नेसलेल्या एक बाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, वास येऊन राहिला. मी लग्नाले चालली. लोक म्हणतीन, बाई आंघोळ न करताच आली."

सगळे माझ्याकडे वळले. मी डब्यावर दोन पिशव्या चढवल्या आणि चिकटपट्टी गुंडाळली. हवेचं मला माहीत होतं. पिशव्या परतवाड्याला सोडू, असं ठरवलं.

परतवाड्याला वीस रुपयांचे तर्री-पोहे खाल्ले. चांगले असतात म्हणतात, मला चव लागली नाही. अमरावतीची बस गच्च भरलेली. पुन्हा कुणी नाक दाबेल म्हणून पिशव्या तशाच ठेवल्या.

कॉलेजच्या फाटकाशी पिशव्या सोडल्या, तर दिवा बंद. बराच वेळ पायरीवर बसलो. परत जावं असंही वाटलं.

मॅडमनी डब्याला चिकटून राहिलेली चिकटपट्टी पाहिली. "हे कुणी बांधलं?"

"मीच. बसमध्ये वास येत होता."

त्या हसल्या नाहीत. "अंतराळयानात काय कराल? तिथे खिडकी उघडता येत नाही, आणि शेजारचा उतरूनही जात नाही."

डबा टेबलावर ठेवून त्या तासाला गेल्या. मी दिव्यासमोर बसलो. एक विद्यार्थिनी येऊन म्हणाली, "दादा, जेवून या, तो काई पळून नाही जात." मी उठलो नाही.

दुपार कलल्यावर दिवा एकदा लुकलुकला. मॅडमना बोलावलं नाही. पुन्हा लागला नाही तर? दुसऱ्यांदा लागला तेव्हा धावलो.

त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. "फार हळू आहे. घरी न्या, महिनाभर जगवा आणि चालू असाच परत आणा. न बांधता. कामाचं तेव्हा ठरवू."

परतीच्या बसमध्ये डबा उघडाच ठेवला. शेजारच्या काकांनी उपरणं नाकाला लावलं. "झाक ना बाबू ते."

"झाकलं तर मरते काका." मग त्यांना जिवाणू, वीज, अंतराळ, सगळं सांगितलं.

"म्हणजे वर गेलेल्याइलेबी हाच वास घ्या लागन?"

"कमी कसा करायचा, ते शोधून राहिले."

काकांनी विचार केला. "मंग तवरोक खिडकीत मले बसू दे."

आम्ही जागा बदलल्या. अकोटपर्यंत माझे हात डब्याभोवती घट्ट होते, पण झाकणाकडे गेले नाहीत.

आता डबा घरच्या खिडकीत आहे. आईने तुळशीची कुंडी लांब सरकवली.

खर्च: जीप, एसटी, रिक्षा, पोहे, चहा मिळून पाचशे चाळीस. देणं: मॅडमना एक चालू दिवा. हे लिहायला बसल्यापासून तो दोनदा लागला. तिसऱ्याची वाट पाहतोय.