चेकिंगची रेकॉर्ड

कॅनडातल्या एका बँडने चार एलपी रेकॉर्डी काढल्या आणि तो बंद पडला. त्यांपैकी तीन मला जालना शहरात मिळाल्या. चौथी त्याच जिल्ह्यातल्या मंठ्यात आहे हे कळायला आणखी दोन वर्षे गेली.

या रेकॉर्डी जिल्ह्यात कशा आल्या, याची मी चौकशी केली होती. बहात्तरच्या दुष्काळात विहिरींच्या कामासाठी एक परदेशी जोडपे आले होते. तीन वर्षांनी परत जाताना त्यांनी सामान विकले: दोन कॉट, एक सायकल आणि रेकॉर्डींची एक पेटी. पेटी फुटली आणि माल पांगला. मी तेव्हा एका मराठी दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. पंच्याऐंशीच्या सुमारास पहिली रेकॉर्ड मला भंगारच्या दुकानात मिळाली. दुसरी एका चहाच्या हॉटेलात दह्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेली होती. मधल्या भोकातून माशी आत जाऊ नये म्हणून भोकावर लिंबू असे. भट्टीजवळ राहून ती किंचित वाकली होती, त्यामुळे वाजताना आवाज वरखाली होई. या बँडच्या बाबतीत हा दोष होता की नाही, हे सांगणे अवघड आहे. तिसरी एका फोटो स्टुडिओच्या भिंतीवर होती. तिच्यावर पांढऱ्या रंगाने बारा आकडे काढून, मागे यंत्र बसवून तिचे घड्याळ केलेले होते. ती सोडवण्यासाठी मला स्टुडिओवाल्याला दुसरे घड्याळ आणून द्यावे लागले.

या संगीताला सायकेडेलिक फोक म्हणतात. गाणे गिटारवर साध्या लोकगीतासारखे सुरू होते. दोन मिनिटांनी त्यात सतार येते, मग शिट्टी, मग कोणीतरी कुजबुजते आणि शेवटी सगळे मिळून ओरडतात. मला ते का आवडले याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. चारही रेकॉर्डींची यादी एका वेष्टनामागे छापलेली होती, एवढे मात्र खरे. यादी दिसली की ती पूर्ण करावीशी वाटते. वेष्टनावरच्या पत्त्यावर मी पत्र पाठवले. ते काही महिन्यांनी परत आले. पत्त्यावर कोणी नव्हते.

पुढे मंठ्यात एका सभेच्या बातमीसाठी गेलो असताना रस्त्यालगतच्या लग्नमंडपातून तोच बँड ऐकू आला. गाणारी बाई तीच, सतार तीच, गाणे मात्र मी कधी न ऐकलेले. मी सभा सोडून कर्ण्याखाली जाऊन उभा राहिलो. तीन मिनिटांनी गाणे मध्येच तुटले आणि सनई सुरू झाली. मशीनजवळ लाऊडस्पीकरचे मालक बसले होते. पन्नाशीचे गृहस्थ. सगळा गाव त्यांना मामा म्हणत होता.

"मामा, आत्ता कोणतं गाणं लावलं होतं?"

"गाणं न्हाई ते. चेकिंग हाय."

"म्हणजे?"

"हिच्यात बारीक आवाज हाय, जाडा हाय, शिट्टी हाय, मधीच कोणी कानात बोलून राह्यलं. एका रेकार्डात चारी कर्णे बराबर कळतेत. अन् फायदा काय, कोणाला समजत न्हाई. फिल्मी लावलं की पोरं म्हणतेत बंद करू नका. भजन लावलं की म्हातारे हात जोडून उभे राहतेत. मला तर वायर पाहायची असती."

गेली दहा वर्षे मंठ्यातल्या प्रत्येक लग्नात हीच रेकॉर्ड पहिली वाजत होती. तिचा परिणाम मी त्यानंतर दोन लग्नांत पाहिला. शिट्टी सुरू झाली की बायका चहाचे कप खाली ठेवत, नथी घालत, लेकरांचे चेहरे पुसत. बँडवाले उठून उभे राहत. "चेकिंग झालं, चला," असे कोणीतरी म्हणे. कॅनडात या गाण्यासाठी कधी कोणी उठून उभे राहिले होते का, याची माहिती मिळू शकली नाही.

मी रेकॉर्ड मागितली. मामांनी बिलकुल नकार दिला नाही. त्यांनी अट घातली.

"पंचवीस साल झाले कर्णे लावून राह्यलो. पुढाऱ्याचं भाषण माझ्या माईकवर व्हतं अन् फोटो त्याचा येतो. एकदा माझं येऊ द्या पेपरात. मंग रेकार्ड तुमची."

पंचवीस वर्षे एकच धंदा करणारा माणूस ही बातमी होऊ शकते, असे मी स्वतःला पटवले. शंभर शब्द लिहिले. विशेषण एकही नव्हते. मला तसेच शिकवलेले होते. रेकॉर्डचा उल्लेख "एक परदेशी रेकॉर्ड" एवढाच केला. पाकीट नेहमीप्रमाणे एसटीच्या कंडक्टरकडे दिले. औरंगाबादच्या डेस्कवर मात्र एका उपसंपादकाला शीर्षकात एक शब्द कमी पडला. बातमी आली ती अशी: "मंठ्यात दुर्मिळ परदेशी रेकॉर्ड".

चार दिवसांनी मी मंठ्याला गेलो तेव्हा रेकॉर्ड काचेच्या फ्रेममध्ये होती. शेजारी कात्रण. फ्रेमला झेंडूचा हार. दुकानासमोर पाचसहा माणसे उभी होती आणि मामा त्यांना दोन्ही दाखवत होते.

"मामा, आपलं ठरलं होतं."

"ठरल्तं. पण तव्हा मला कुठं म्हाईत व्हतं ती दुर्मिळ हाय म्हणून? तुमीच छापलं, साहेब."

"मग चेकिंग कशावर करता?"

"हॅलो हॅलो म्हणतो. एवढी दुर्मिळ चीज कर्ण्यावर घासायची असती का?"

मी त्यांना सांगितले की तो शब्द माझा नाही, डेस्कचा आहे. डेस्क म्हणजे कोण, असे त्यांनी विचारले. मी समजावून सांगितले. ते म्हणाले, "मंग तो माणूस तुमच्यापेक्षा हुशार हाय."

त्या आठवड्यात मी जे केले ते माझ्या नोकरीत एकदाच केले. मी शुद्धिपत्र पाठवले: मंठ्याच्या बातमीतील रेकॉर्ड दुर्मिळ असल्याचे अनवधानाने प्रसिद्ध झाले; तशी ती नाही. उपसंपादकाचा फोन आला.

"अरे, आपल्या पेपरात शुद्धिपत्र छापायची जागा कोणती, तेच कोणाला आठवेना. खरंच नाही का ती दुर्मिळ?"

"नाही," मी म्हणालो.

एका निविदेच्या खाली, सर्वांत बारीक अक्षरांत ते छापून आले. मी अंक घेऊन मंठ्याला गेलो. दुकानासमोर कोणी नव्हते. हार सुकला होता. मामांनी शुद्धिपत्र आधीच वाचलेले होते आणि समोरच्या हॉटेलातल्या लोकांनी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलेही होते. ते मला बसा म्हणाले नाहीत.

"साहेब, मागच्या साली तुमच्या पेपरानं आमच्या सरपंचाला मयत छापलं. तो पेपर घेऊन जित्ता माणूस तुमच्याकडं आल्ता. तव्हा शुद्धिपत्र आलं?"

"नाही."

"पिकाचे भाव चुकले, नावं चुकली, एकाच्या लग्नात दुसऱ्याची नवरी छापली. तव्हा?"

मी हातातला अंक घडी करून पिशवीत ठेवला.

"अन् ह्या एका शब्दासाठी आलं. तव्हाच मला कळलं की रेकार्ड खरंच दुर्मिळ हाय."

या तर्कात मला आजही चूक सापडलेली नाही. मी रिकाम्या हाताने परत निघणार, एवढ्यात त्यांनी फ्रेमची काच सरकवली.

"पण मला कळून काय उपयोग? गावाला वाटून राह्यलं की मी साधीच रेकार्ड टांगली. पाहायला कोणी येत न्हाई. घेऊन जा. फक्त चेकिंगला तुमच्यातली एक द्या. हॅलो हॅलो करून माझा घसा बसला."

मी जालन्याहून वाकलेली रेकॉर्ड आणून दिली. आवाज वरखाली होतो हे ऐकून मामा खूश झाले. चौथी माझ्या घरी आली. आठवडाभर मी ती रोज संध्याकाळी लावली. पहिल्या बाजूवर मामांच्या सुईने खोल चरे पाडले होते. दुसरी बाजू मात्र कोरी करकरीत होती. दहा वर्षांत ती कोणी उलटूनच पाहिली नव्हती. तिच्यावर या बँडचे सर्वांत चांगले गाणे आहे, असे माझे मत झाले.

दुसऱ्या सोमवारी एसटीच्या कंडक्टरने निरोप आणला: जल्दी या, रेकार्ड घेऊन या.

रविवारच्या लग्नात मामांनी माझ्या रेकॉर्डवर चेकिंग केले होते. चारही कर्णे चोख वाजले, पण कोणी उठले नाही. बायकांना वाटले, कोणीतरी गाणे लावले आहे. बँडवाले विड्या ओढत बसले. मामांनी तीच बाजू पुन्हा लावली. मग लोक ऐकत बसले. मुहूर्त टळायला आला तेव्हा नवरदेवाचा चुलता मशीनवर येऊन मामांना नाही नाही ते बोलला.

"तुमची बी चांगली हाय, साहेब," मामा म्हणाले. "पण ती लोकांना गाणं वाटून राह्यली."

पुढच्या लग्नाचा मंडप समोरच उभा राहत होता. मी पिशवीतून चौथी काढली. ती त्यांना देताना मी थोडा वेळ ती हातात धरून ठेवली असावी, कारण मामांनी ती हळूच ओढून घेतली. बदल्यात त्यांनी माझी परत केली. चौथीची जुनीच बाजू वर करून त्यांनी ती मशीनवर ठेवली. दुसऱ्या बाजूबद्दल मी त्यांना काही सांगितले नाही.

"अन् आता हे पेपरात देऊ नका," ते म्हणाले.

मी दिले नाही.